क्वार्कांपासून थेट कार्बनचं केंद्रक का काढता येत नाही?

खडू_डस्टर :

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बारावीला सध्या न्यूक्लियसचा धडा चालू आहे. बंधनऊर्जेचा (केंद्रक सुटं करायला लागणाऱ्या ऊर्जेचा) आलेख फळ्यावर काढला, लोखंडापाशी आलेलं टेकाड दाखवलं, नेहमीचं सगळं झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, प्रोटॉन क्वार्कांचा असतो असं तुम्हीच सांगितलंत. मग हा आलेख क्वार्कांपासूनच काढा की. मध्ये प्रोटॉन-न्यूट्रॉन कशाला आणायचे?"

"विचारून सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन वाचत बसलो, तर गोंधळ वाढलाच. एके ठिकाणी लिहिलंय की क्वार्कांची समीकरणं १९७३ पासून ठाऊक आहेत. दुसरीकडे बातमी, की कार्बनचं केंद्रक सुपरकॉम्प्युटरवर 'मूळ तत्त्वांपासून' काढलं. आणि तिसरीकडे कुणीतरी म्हणतंय की साधा ड्यूटेरॉनसुद्धा (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) क्वार्कांपासून अजून धड निघत नाही. यातलं खरं काय? समीकरण हाताशी, कॉम्प्युटर हाताशी, मग घोडं अडलंय कुठे?

गणित आलं तरी चालेल. एमएस्सी झालंय, फक्त क्वांटम फील्ड थिअरी तेव्हा ऑप्शनला टाकली होती.


लॅटिसवाला :

सर, त्या मुलीला माझ्यातर्फे एक कॅडबरी द्या. याच प्रश्नावर जर्मनीत पीएचडी केली. आता हिंजवडीत बँकांच्या रिस्कची सॉफ्टवेअरं सांभाळतो, त्यामुळे ग्रँट कुणाकडे मागायची नाही आणि भीडही कुणाची ठेवायची नाही.

तुम्ही वाचलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त दुसऱ्या बातमीत क्वार्क नव्हतेच. त्यावर इथल्या ताई लिहितीलच, मी पहिल्या आणि तिसऱ्याबद्दल बोलतो.

१९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी दाखवलं की क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ, तितकं त्यांच्यातलं बल ढिलं. २००४ चं नोबेल त्यालाच. पण केंद्रकातली अंतरं त्या मानाने लांबची, एक-दोन फर्मी, म्हणजे १०⁻¹⁵ मीटरच्या घरातली. तिथे हे बल इतकं जबर असतं की इलेक्ट्रॉनसाठी चालणारी 'थोडं थोडं करून बेरीज करा' ही पद्धत साफ कोलमडते. पुढची प्रत्येक दुरुस्ती आधीच्या उत्तराएवढीच मोठी येते. समीकरण एका ओळीत मावतं, पण कागदावर सुटत नाही.

१९७४ मध्ये केनेथ विल्सनने वाट काढली. अवकाश-काळाची जाळी करा, टिंबांवर क्वार्क ठेवा, टिंबं जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑन, म्हणजे क्वार्कांना बांधणारे कण, ठेवा, आणि लॉटरी पद्धतीने ग्लुऑनांचे नमुने काढत सरासरी घ्या. हेच लॅटिस क्यूसीडी: लॅटिस म्हणजे जाळी, क्यूसीडी म्हणजे क्वार्कांमधल्या बलाचा सिद्धांत. अंदाज यावा म्हणून आकडे देतो. जाळी समजा ६४ × ६४ × ६४ आणि काळाच्या दिशेने १२८. टिंबं झाली सव्वातीन कोटींच्या वर. दोन टिंबांत ०.०९ फर्मी धरलं तर सगळी पेटी सहा फर्मीच्याही आत. ग्लुऑनांचा एक नमुना डिस्कवर साधारण १९ जीबी जागा खातो. त्यात क्वार्क कसा फिरतो हे काढायला जी मॅट्रिक्स उलटावी लागते तिच्या ओळी चाळीस कोटी. असे शेकडो-हजारो नमुने लागतात.

एवढं करून काय मिळतं? एक प्रोटॉन, आणि तो झकास मिळतो. २००८ मध्ये युरोपातल्या एका गटाने हलक्या कणांची वस्तुमानं काढली, प्रयोगाशी दोन-चार टक्क्यांत जुळली. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमानं मिळून जेमतेम ९ एमईव्ही (कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या या एककात मोजतात) भरतात, प्रोटॉन ९३८ चा. बाकीचं सगळं ग्लुऑन आणि धावपळीच्या ऊर्जेतून येतं, आणि ते कॉम्प्युटरने खरोखर काढून दाखवलं. २०१५ मध्ये त्याच परंपरेतल्या लोकांनी न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किती जड तेही काढलं. उत्तर १.५१ एमईव्ही, त्रुटी ०.३ च्या आत. प्रयोग सांगतो १.२९. तुमच्या वर्गात सांगण्यासारखी गोष्ट ही आहे सर. डाउन क्वार्क अपपेक्षा जड म्हणून न्यूट्रॉनच्या पारड्यात अडीच पडतात, प्रोटॉनचा विद्युतभार एक काढून घेतो. उरलेल्या दीडच्या जोरावर हायड्रोजन टिकून आहे.

आता दुसरा कण आणा, गंमत संपली.

ड्यूटेरॉनचं वस्तुमान १८७५.६ एमईव्ही आणि बंधनऊर्जा २.२. तुमच्या भागातलं सांगायचं तर कारखान्याच्या काट्यावर १७ टन भरलेला उसाचा ट्रक घालायचा, मग २० किलोची एक मोळी काढून परत घालायचा, आणि दोन वजनांच्या फरकातून मोळीचं वजन सांगायचं. काटा हलत असताना.

तो हलतो कसा, ते जरा नीट सांगतो, कारण खरी अडचण इथेच आहे आणि बातम्यांत ती कधीच येत नाही. जाळीवर आपण प्रोटॉन एका क्षणी तयार करतो, काही वेळाने पुसतो, आणि मधल्या काळात सिग्नल किती विझला ते पाहतो. विझण्याचा वेग म्हणजे वस्तुमान. काळही फर्मीतच मोजतात. गोम अशी की सरासरी तीन क्वार्कांची असली तरी सरासरीतली चढउतार तिच्या वर्गावर ठरते. वर्गात तीन क्वार्क आणि तीन प्रतिक्वार्क आले, आणि ते जोड्या लावून तीन पायॉन होऊन बसतात. पायॉन हलके, १४० एमईव्हीचे. म्हणून प्रोटॉनचा सिग्नल भराभर विझतो आणि गोंगाट सावकाश. परिझीने १९८४ मध्ये आणि लेपाजने १९८९ मध्ये हा हिशेब मांडला. दर फर्मीला सिग्नल गोंगाटाच्या तुलनेत सुमारे ४० पट खाली जातो. तो परत मिळवायचा तर नमुने ४० च्या वर्गाने वाढवा, म्हणजे १६०० पट. हे झालं एका प्रोटॉनचं. ड्यूटेरॉनला एक फर्मी पुढे सरकायला पंचवीस लाख पट नमुने. हेलियम-४ ला साडेसहा लाख कोटी पट. कार्बनचा आकडा काढायचा तर त्या मुलीलाच काढू द्या, चाळीसचा चोविसावा घात आहे.

मग लवकर, सिग्नल जिवंत असतानाच का वाचत नाहीत? कारण सुरुवातीला त्यात नुसता ड्यूटेरॉन नसतो. पेटीत धावणारे सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉनही मिसळलेले असतात. सहा फर्मीच्या पेटीत अशा दोन अवस्थांमध्ये अंतर असतं सुमारे ४५ एमईव्ही. तेवढ्या फरकाची भेसळ नुसती एक-तृतीयांशावर यायला चार फर्मींहून जास्त वेळ लागतो. गोंगाट तर दोन फर्मीलाच सगळं गिळतो. आणि त्याआधीच्या पट्ट्यात आलेख कधीकधी छान सपाट दिसतो, बघणाऱ्याला वाटतं आलं उत्तर. त्या सपाटीवर या क्षेत्रात दहा वर्षं भांडणं झाली आहेत. पायॉन मुद्दाम ८०० एमईव्हीचा घेऊन, म्हणजे गोंगाट आटोक्यात ठेवून, अमेरिकेतल्या एका गटाला ड्यूटेरॉन वीसेक एमईव्हीने बांधलेला दिसला. जपानच्या हाल-क्यूसीडी गटाने वेगळ्या पद्धतीने, आधी दोन कणांतलं बल काढून, म्हटलं की इतक्या जड पायॉनला तो बांधलेलाच नाही. पुढे २०२१ च्या सुमारास अधिक काटेकोर पद्धती आल्या आणि पहिल्या बाजूचा जोर ओसरला. मला विचाराल तर सपाट भाग बघून उत्तर वाचणं ही सवयच घातक होती. पण त्या वादामुळे पद्धती सुधारल्या, तेही खरं.

तयार केलेला कुठला क्वार्क पुसताना कुठल्या क्वार्काशी जुळवायचा, त्या जोड्या लावण्याचा भाग मी सोडूनच देतो. ड्यूटेरॉनमध्ये तीन अप, तीन डाउन, म्हणून जोड्या ३! × ३! = ३६. हेलियम-४ ला ६! × ६!, म्हणजे ५,१८,४००. ऐकायला भयंकर वाटतं, पण २०१२-१३ मध्ये लोकांनी त्यातली पुनरावृत्ती गाळणारे चलाख अल्गोरिदम लिहिले. आता खोळंबा तिथे नाही, गोंगाटात आहे.


तिसरा_कण :

मीच ती ताई. पीएचडी चालू आहे, तीन न्यूक्लिऑनांमधल्या (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) बलावर. आयडी त्यावरूनच.

सर, तुम्ही वाचलेली कार्बनची बातमी बहुधा हॉइल अवस्थेची असणार. कार्बन-१२ ची ही उत्तेजित अवस्था ७.६५ एमईव्हीवर आहे. ती तिथे नसती तर ताऱ्यांत तीन हेलियम एकत्र येऊन पुरेसा कार्बन झालाच नसता. २०११ मध्ये एपेलबाउम, क्रेब्ज, ली आणि माइस्नर यांनी ती जाळीवर काढली. पण त्यांच्या जाळीच्या टिंबांवर क्वार्क नव्हते, अख्खे प्रोटॉन-न्यूट्रॉन होते, आणि दोन टिंबांत सुमारे २ फर्मी अंतर. म्हणजे लॅटिसवाल्यांचा एक पूर्ण प्रोटॉन यांच्या दोन टिंबांच्या मधल्या जागेत बसेल. दोन्हीला जाळी म्हणतात आणि पेपरवाले सरसकट एकाच पोत्यात भरतात.

मग त्यांनी बल कुठून आणलं? इथे १९९० मध्ये वाइनबर्गने सांगितलेली युक्ती येते. केंद्रकाला क्वार्क वेगवेगळे दिसतच नाहीत, तेवढी ऊर्जाच नाही तिथे. दिसतात न्यूक्लिऑन आणि त्यांच्यात ये-जा करणारे पायॉन, जे युकावाने १९३५ मध्येच ओळखले होते. तेव्हा न्यूक्लिऑन-पायॉनचं असं समीकरण लिहा की क्वार्कांच्या सिद्धांताच्या सगळ्या सममिती त्यात पाळल्या जातील. लांबचा भाग पायॉन देतो, तो पक्का. जवळची धुमश्चक्री काही स्थिरांकांत बंद करायची. त्या स्थिरांकांची किंमत खरं म्हणजे क्वार्कांपासून यायला हवी. येत नाही, वरचं सगळं रामायण त्यासाठीच. म्हणून आम्ही ती न्यूट्रॉन-प्रोटॉन टकरींच्या प्रयोगांवरून बसवतो. "मूळ तत्त्वांपासून" म्हणतात ते इथून पुढचं. मला तो शब्दप्रयोग थोडा चढवलेला वाटतो, पण काम खोटं नाही.

या समीकरणातून तीन कणांतलं बल आपोआप निघतं, वरून चिकटवावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडतं. ट्रिटियमचं केंद्रक घ्या, एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. बंधनऊर्जा ८.४८ एमईव्ही. दोन-दोन कणांतली उत्तमातली उत्तम बलं घातली तरी गाडी साडेसात-आठच्या आसपास अडते. उरलेलं तीन जण एकत्र असल्याशिवाय येत नाही. ऑक्सिजनमध्ये तर याने निकालच फिरतो. नुसत्या जोड्यांच्या बलावर ऑक्सिजन-२८ टिकायला हवा, १६ न्यूट्रॉन नव्हे तर २० सुद्धा मावायला हवेत. प्रत्यक्षात मालिका ऑक्सिजन-२४ ला संपते. तीन कणांतलं बल इथे ढकलणारं निघतं आणि जादा न्यूट्रॉन बाहेर राहतात, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. २०२३ मध्ये जपानात ऑक्सिजन-२८ शेवटी बनवला, तो लगेच चार न्यूट्रॉन सोडून मोकळा झाला.

आता गणित शिशापर्यंत पोचलंय. शिसं-२०८ मध्ये न्यूट्रॉनांचा थर प्रोटॉनांच्या बाहेर किती जाड? २०२२ मध्ये या पद्धतीने उत्तर आलं ०.१४ ते ०.२० फर्मी. अमेरिकेत इलेक्ट्रॉन मारून मोजलं तर ०.२८, त्रुटी ०.०७. जुळतंय म्हणायचं की नाही यावर आमच्याकडे चहाला अजून दोन तट पडतात.

आणि मुलीला क्वार्कच हवे असतील तर २०१३ चं एक काम सांगा. हॉइल अवस्था काढणाऱ्या त्याच मंडळींनी विचारलं की हलक्या क्वार्कांचं वस्तुमान थोडं बदललं तर हॉइल अवस्था किती सरकेल. उत्तर असं, की दोन-तीन टक्क्यांच्या बदलापर्यंत ताऱ्यांत कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही पुरेसे बनत राहतात.


कुलाबा_निवृत्त :

पोरांनो, छान लिहिलंत. आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, कुलाब्याच्या पेलेट्रॉन या कणत्वरकावर रात्रपाळ्या केल्या, तेव्हा म्हाताऱ्याच्या दोन ओळी ऐका.

मेयर आणि येन्सन यांनी १९४९ मध्ये कवच प्रतिमान दिलं, म्हणजे केंद्रकातले कण कवचांत भरत जातात असं चित्र. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या जादुई संख्या त्यातून बाहेर पडल्या. तेव्हा क्वार्क हा शब्दही जन्माला आला नव्हता. बंधनऊर्जेचा जो आलेख सरांनी फळ्यावर काढला त्याचं सूत्र वाइत्सेकरने १९३५ मध्ये लिहिलं, आजही एक-दोन टक्क्यांत चालतं. आमची सगळी कारकीर्द यावर निघाली. क्वार्क घातल्याने काय जास्तीचं कळलं, हा प्रश्न मी सेमिनारमध्ये नेहमी विचारायचो आणि लोक माझ्याकडे बघायचे नाहीत.

तरी एक गोष्ट माझ्या घशाखाली कधी उतरली नाही, ती न्यायाने सांगतो. १९८३ मध्ये सर्नला म्यूऑन मारून लोखंडातले क्वार्क पाहिले. अपेक्षा अशी की लोखंडातला प्रोटॉन ड्यूटेरियममधल्यासारखाच असणार. नव्हता. वेगवान क्वार्क दहा-पंधरा टक्के कमी भरले. म्हणजे केंद्रकात शिरल्यावर प्रोटॉन आतून बदलतो. कसा, यावर चाळीस वर्षांत एकमत नाही.

यावरून फ्रान्सच्या गिशाँने १९८८ मध्ये एक प्रतिमान मांडलं, ते तुमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. त्यात केंद्रकातलं क्षेत्र प्रोटॉनला नव्हे, आतल्या क्वार्कांना धरतं. क्वार्क हलले की प्रोटॉनची घडण बदलते, आणि ती बदलली की क्षेत्राची पकड थोडी सैल होते. केंद्रक आत कोसळत का नाही याचं उत्तर तिथेच मिळतं, आणि या ताईंचं तीन कणांतलं बलही त्यातून निघतं. ॲडलेडच्या टोनी थॉमस यांनी त्यावर पुढे काम नेलं, २०१६ पर्यंत मोजकेच स्थिरांक घेऊन हलक्यापासून अतिजड केंद्रकांपर्यंत बंधनऊर्जा काढल्या. हे प्रतिमान आहे, क्यूसीडी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण त्या मुलीने जे विचारलं त्याच्या सगळ्यात जवळ हेच जातं.


लॅटिसवाला :

काका, मान्य, ते राहिलं. माझी तक्रार एवढीच की त्यात प्रोटॉनला क्वार्कांची पिशवी मानतात, आणि पिशवी कुठून आली हे क्यूसीडीला विचारलेलं नाही. सर्नच्या लोखंडाचं कारणही तेच असेल असं मी पैजेवर म्हणणार नाही.

तुमच्या कुलाब्याचंच एक सांगतो. जड क्वार्क घेतले की गोंगाट खूप कमी होतो, कारण हलके पायॉन मध्ये येत नाहीत. त्याचा फायदा घेऊन टीआयएफआरमधून (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पारिक्षित जुन्नरकर आणि निलमणी माथुर यांनी २०१९ मध्ये ड्यूटेरॉनसारख्या जोड्या चार्म आणि बॉटम क्वार्कांच्या बनवून पाहिल्या. त्यातल्या काही घट्ट बांधलेल्या निघाल्या. निसर्गात त्या अजून कुणी पाहिलेल्या नाहीत, पण पद्धत तावून सुलाखून घ्यायला याहून चांगली जागा नाही. जपान्यांनी २०१८ मध्ये जवळपास खऱ्या वजनाचे पायॉन घेऊन दोन ओमेगा कण (प्रत्येकी तीन स्ट्रेंज क्वार्कांचे) बांधून दाखवले, तेही स्ट्रेंज क्वार्क जड म्हणूनच जमलं.

आणि क्वार्क घालून जास्तीचं काय कळतं, तर जिथे प्रयोगच होत नाही तिथलं कळतं. न्यूट्रॉनवर न्यूट्रॉन मारायला लक्ष्य आणणार कुठून? लॅम्डा कण (स्ट्रेंज क्वार्क असलेला प्रोटॉनचा भाऊबंद) तर एका सेकंदाच्या अब्जांशाच्याही आत मरतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात हे सगळं लागतं. ताईंच्या समीकरणातले असे जे स्थिरांक टकरींतून मिळत नाहीत, ते जाळीवरून काढून त्यांच्या हातात द्यायचे, ही आजची खरी योजना. अख्खा कार्बन क्वार्कांपासून एका दमात काढायचा बेत कुणाचाच नाही.

सर, मुलीला पायथन येत असेल तर एक काम द्या. ड्यूटेरॉनसाठी चौकोनी विहीर घ्या, रुंदी २.१ फर्मी, खोली ३३.७ एमईव्ही. श्रोडिंगर समीकरण सोडवलं की २.२ येईल. मग खोली फक्त दहा टक्क्यांनी कमी करायला सांगा, ३०.३, आणि बंधनऊर्जेचं काय होतं ते तिचं तिला बघू द्या. आकर्षण आणि धावपळ एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, उरतं ते हे दोन एमईव्ही. क्वार्कांपासून काढलेल्या बलात थोडी चूक राहिली तरी ड्यूटेरॉन का हातातून निसटतो, ते तिला माझ्यापेक्षा बरं कळेल.


खडू_डस्टर :

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लागले वाचायला, हॉइलचं आणि हायड्रोजनचं वर्गात सांगितलं.

मुलीने प्रोग्रॅम लिहिला. ३३.७ ला २.२ आले, ३०.३ ला १.१. निम्मे! मग तिला खोली कमी करत जायचा नादच लागला. म्हणते, २३ च्या जरा वर असेपर्यंत उत्तर येतं, त्याखाली प्रोग्रॅमला काही सापडतच नाही. चूक शोधत बसली आहे. आणि पुढचा प्रश्न तयार: दोन न्यूट्रॉन एकमेकांना का चिकटत नाहीत, त्यांच्यात तर विद्युतभाराचं भांडणही नाही?


तिसरा_कण :

चूक नाही सर, शोध थांबवायला सांगा. २.१ फर्मीच्या विहिरीला २३.२ च्या खाली बांधलेली अवस्थाच नसते.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच प्रोग्रॅममध्ये आहे. ड्यूटेरॉनमध्ये दोघांचे स्पिन एकाच दिशेला असतात आणि तिथे बल जास्त जोरकस. दोन न्यूट्रॉन अगदी सारखे, त्यामुळे पाउलीच्या नियमाने ती अवस्था त्यांना बंद. उलट स्पिनची चालते, पण तिथली विहीर त्या उंबरठ्याच्या किंचित खाली पडते. अगदी थोडक्यात हुकतं. टकरीत हे दिसतं सुद्धा: स्कॅटरिंग लेंग्थ (मंद टकरीत कण एकमेकांना किती मोठे भासतात ती लांबी) उणे १९ फर्मीच्या घरात येते, बलाचा पल्ला दोन-तीन फर्मी असताना. तिला खोली २३.२ च्या जरा खाली ठेवून ही लांबी काढायला सांगा, आणि उंबरठ्याजवळ सरकवत न्या.